मुलाचं कॅनडाचं पीआर कार्ड नूतनीकरणात अडकलंय? तपासणी या क्रमानं करा

टोरांटोजवळच्या मिसिसागा आणि मिल्टन भागातल्या ओळखीच्या मराठी घरांमधले पीआर कार्डाचे, म्हणजे कायम रहिवाशाच्या ओळखपत्राचे, अर्ज मी बरीच वर्षं बघत आलो आहे. मोठ्यांचे अर्ज सहसा सुरळीत जातात. अडकतात ते मुलांचे. मी परवानाधारक सल्लागार नाही आणि या कामाचे पैसे घेत नाही. त्यामुळे घरच्या घरी काय दुरुस्त होतं आणि कुठे हात आवरायचा, हे दोन्ही इथे लिहितो आहे.

इतक्या अर्जांनंतर माझं एक मत पक्कं झालंय. कागदावर अर्जदार मूल असतं, पण फॉर्म भरताना आई-बाबा स्वतःला अर्जदार समजून भरतात. आपला पत्ता, आपल्या तारखा, आपली सही, आपले दिवस. कॅनडाच्या कायद्यात चार वर्षांचं मूलही स्वतंत्र कायम रहिवासी आहे. त्याचा क्रमांक वेगळा, त्याचे देशातले दिवस वेगळे, त्याचा इतिहास वेगळा. खालची प्रत्येक तपासणी करताना हे डोक्यात ठेवा.

लक्षणं

बहुतेक तक्रारी यांपैकीच एखादी असते.

- पाठवलेलं पाकीट काही आठवड्यांनी जसंच्या तसं परत आलं, सोबत एक पत्र आणि त्यात एक-दोन चौकटींवर खूण.
- आई, बाबा आणि थोरलीचं कार्ड आलं, धाकट्याचं नाही. चौघांचे अर्ज एकाच दिवशी गेले होते.
- ऑनलाइन स्थिती महिनोन् महिने ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच दाखवते आणि मग एक दिवस मुलाच्या वास्तव्याचे पुरावे मागणारं पत्र येतं.
- फोटो नाकारला.
- कार्ड आलं, पण नावात चूक आहे.
- कार्ड पाठवल्याचं दिसतं, घरी मात्र पोचलं नाही.
- सुट्टीला भारतात गेल्यावर लक्षात आलं की मुलाच्या कार्डाची मुदत संपली आहे, आणि विमान कंपनी बसू देत नाही.

शेवटचं लक्षण सर्वांत जास्त घाबरवतं. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कार्डाची मुदत संपली म्हणजे मुलाचा पीआर दर्जा संपला, असं नाही. कार्ड हा दर्ज्याचा पुरावा आहे. मूल कॅनडातच असेल तर शाळा, डॉक्टर, रोजचं आयुष्य थांबत नाही. अडचण येते ती देशाबाहेर जाऊन परत येताना.

पहिली तपासणी: कार्ड हवंय का, आणि आत्ताच हवंय का?

याला एक पैसा लागत नाही, तरी लोक ही पायरी ओलांडून जातात. मूल कॅनडात जन्मलं असेल तर ते जवळपास नेहमी जन्मानंच नागरिक असतं. त्याला पीआर कार्ड मिळतच नाही. एका भावंडाचा जन्म पुण्यात आणि दुसऱ्याचा इथे, अशा घरांत दोघांचे अर्ज भरून ठेवलेले मी पाहिले आहेत.

नंतर सध्याच्या कार्डावरची तारीख बघा. मुदत संपायला नऊ महिन्यांपेक्षा जास्त अवधी असेल आणि कायदेशीर नाव बदललेलं नसेल, तर अर्ज परत येतो. डिसेंबरमध्ये लग्नाला जायचंय म्हणून घाई केल्यानं काही साधत नाही. आणि अर्ज करताना मूल कॅनडात असावं लागतं. नाशिकहून आजीच्या पत्त्यावरून अर्ज करता येत नाही, कार्डही फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येतं.

इथेच आणखी एक प्रश्न घरात बसून विचारा. आई किंवा बाबा नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहेत का, की आधीच नागरिक झाले आहेत? पालकांपैकी एक जण नागरिक असेल किंवा त्याच वेळी अर्ज करत असेल, तर अठरा वर्षांखालच्या पीआर मुलाला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मोठ्यांना लागणारी कॅनडात १०९५ दिवस राहण्याची अट त्या मुलाला लागत नाही, भाषेची आणि ज्ञानाची परीक्षाही नसते. पण मग भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड, काढावं लागतं, म्हणून हा निर्णय फॉर्म भरताना नव्हे, घरात शांतपणे बोलून घ्यावा. नागरिकत्वाच्या अर्जासाठी पीआर कार्ड चालू मुदतीचं असण्याची गरज नाही. मधल्या काळात प्रवास करायचा असेल तर मात्र कार्ड लागेलच.

दुसरी: आलेलं पत्र नीट वाचा

परत आलेल्या पाकिटातलं पत्र आई-बाबा रागानं बाजूला ठेवतात आणि सगळा अर्ज नव्यानं भरायला घेतात. त्यात आधी बरोबर असलेल्या गोष्टीही बिघडतात. खूण कुठे आहे ते बघा आणि तेवढंच दुरुस्त करा. अर्ज अपूर्ण म्हणून परत येणं म्हणजे नकार नव्हे. त्यावर कुणी निर्णय घेतलेलाच नसतो, फक्त अर्ज पुरा आहे का ते पाहिलेलं असतं. मुलाच्या नोंदीला त्यानं डाग लागत नाही.

परत पाठवण्याआधी फॉर्मची आवृत्ती तपासा. आयएमएम ५४४४ हा अर्ज आणि आयएमएम ५६४४ ही कागदपत्रांची यादी, दोन्ही अधूनमधून बदलतात. गेल्या खेपेला संगणकात साठवलेला फॉर्म वापरू नका. सरकारी संकेतस्थळावरून त्याच दिवशी नवा उतरवून घ्या.

तिसरी: क्रमांक कुणाचा लिहिलाय?

यूसीआय, म्हणजे प्रत्येकाला दिलेला आठ किंवा दहा आकडी क्रमांक. तो कार्डावर असतो, आणि पीआर झाल्याच्या कागदावर, म्हणजे सीओपीआरवरही. चार फॉर्म एकापाठोपाठ भरताना बाबांचा फॉर्म उघडून, त्यात नाव बदलून मुलाचा तयार करण्याची सवय असते. नाव बदलतं, क्रमांक तसाच राहतो. कधी थोरलीचा क्रमांक धाकट्याच्या फॉर्मवर जातो. ‘तिघांची आली, एकाचं नाही’ या लक्षणात मी आधी हाच आकडा बघतो.

अर्ज प्रत्येक मुलाचा वेगळा आणि फी प्रत्येकी ५० डॉलर. पावती अर्जाला जोडा, आणि पावतीवरची रक्कम मोजून घ्या: तीन मुलांचे अर्ज आणि पावती १०० डॉलरची, असं होऊ देऊ नका. फीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

चौथी: सही

मूल चौदा वर्षांखालचं असेल तर सही एका पालकाची. चौदा पूर्ण आणि अठराच्या आत असेल तर मुलाचीही सही लागते आणि एका पालकाचीही. अठरा पूर्ण झाली की अर्ज मोठ्या माणसाचा, सही त्याची एकट्याची.

सही केलेल्या तारखेला वय किती होतं, ते बघा. पाच वर्षांपूर्वी मूल नऊ वर्षांचं होतं, तेव्हा आईनं सही केली आणि काम झालं. आता ते चौदाचं झालंय, पण आईला तीच पद्धत आठवते. उलटही होतं. सहा वर्षांच्या मुलानं नुकतंच नाव लिहायला शिकलेलं असतं, त्याच्या कौतुकापोटी त्याच्याकडूनच सही करून घेतात. ती धरली जात नाही.

आई-वडील विभक्त असतील तर सहीचा प्रश्न इतका साधा राहत नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

पाचवी: नाव

मराठी घरांत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

भारतीय पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात आपल्याकडे बहुधा मुलाचं आणि वडिलांचं अशी दोन नावं असतात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. समजा, ‘अथर्व मिलिंद’ आणि ‘देशमुख’. पीआर होताना पासपोर्टवरून नाव घेतलं गेलं, म्हणून सीओपीआरवर आणि पहिल्या कार्डावर ‘अथर्व मिलिंद’ हेच त्याचं नाव आहे. इथल्या शाळेत दाखल करताना आईनं ‘अथर्व देशमुख’ लिहिलं. दंतवैद्याकडे, ग्रंथालयात, हॉकीच्या संघात तेच. पाच वर्षांनी कार्डाचा फॉर्म भरताना हाताला तेच वळण लागलेलं असतं आणि ‘मिलिंद’ गळतं.

फॉर्मवर नाव सध्याच्या कार्डावर आहे तसंच लिहायचं, अक्षर न् अक्षर. वडिलांचं नाव अनावश्यक वाटतंय म्हणून ते या फॉर्ममधून काढता येत नाही. नाव बदलायचं असेल तर आधी कायदेशीर बदल, त्याचा कागद, आणि मग कार्ड. शाळेचे कागद ‘अथर्व देशमुख’ या नावाचे असतील तर ते चालतात, पण सोबत एक छोटं पत्र जोडा: शाळेच्या नोंदीत मधलं नाव नाही, जन्मतारीख आणि पत्ता तोच आहे. शक्य असेल तर शाळेच्या कार्यालयाकडून पूर्ण नावाचं पत्र घ्या. ते सहसा मिळतं.

काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि तिन्ही नावं ‘दिलेलं नाव’ यात असतात. अशा मुलांचं सगळं नाव कॅनडाच्या कागदांवर आडनावाच्या जागी गेलेलं दिसतं. वाचायला विचित्र वाटतं, तरी फॉर्म कार्डाप्रमाणेच भरा. दुरुस्ती करायची तर आधी भारतीय पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. कॅनडाची नोंद पासपोर्टवरून झाली आहे, तेव्हा दुरुस्तीची सुरुवातही तिथूनच.

इंग्रजी अक्षरांचंही बघा. आरव लिहिताना सुरुवातीला एक ‘ए’ की दोन, ईशानचा ‘ई’ कोणत्या अक्षरानं, श्रुतीच्या ‘ती’त नुसता ‘टी’ की ‘एच’सकट. जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, शाळेत तिसरं अशी मुलं मला भेटली आहेत. फॉर्मसाठी आधार एकच: सध्याचं कार्ड आणि पासपोर्ट. ही दोन आपसांत जुळत नसतील तर तिथेच थांबा आणि आधी ते सोडवा.

सहावी: पाच वर्षांच्या इतिहासात पोकळी

फॉर्म मागच्या पाच वर्षांचे पत्ते विचारतो, आणि त्या काळात अर्जदार काय करत होता तेही. मोठ्यांसाठी नोकरी आणि शिक्षण. मुलासाठी लोक हा भाग मोकळा सोडतात, कारण ‘ते काय करणार, लहान आहे’. मोकळी जागा म्हणजे अपूर्ण अर्ज. शाळेत जाणाऱ्याला विद्यार्थी म्हणा, शाळेचं नाव आणि शहर लिहा. शाळेच्या वयाआधीच्या काळासाठी ‘शालेय वय नाही, घरी’ किंवा डे-केअरचं नाव लिहा. महिन्याला महिना जोडून यायला हवा: एक ओळ जूनमध्ये संपली तर पुढची जूनमध्ये किंवा जुलैमध्ये सुरू झाली पाहिजे.

घर बदललं असेल तर मुलाच्या पत्त्यांत ते दिसलं पाहिजे. आणि मूल आई-बाबांसोबत नसून काही महिने आजी-आजोबांकडे कोल्हापूरला राहून तिथल्या शाळेत गेलं असेल, तर त्या काळात त्याचा पत्ता कोल्हापूरचा. तुमचा मिल्टनचा पत्ता तिथे लिहिला तर पुढे अनुपस्थितीच्या, म्हणजे मूल देशाबाहेर असल्याच्या दिवसांच्या, यादीशी तो जुळणार नाही, आणि वास्तव्याचे पुरावे मागणारं पत्र अशा विसंगतीतूनच येतं.

सातवी: फोटो

आता थोडे पैसे लागतील. कॅनडाच्या पीआर कार्डाचा फोटो ५० गुणिले ७० मिलिमीटरचा असतो आणि हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचा चेहरा ३१ ते ३६ मिलिमीटरमध्ये बसावा लागतो. इथून भारतीय पासपोर्टच्या अर्जासाठी आपण काढतो त्या फोटोचं माप वेगळं असतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा भारतीय पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा असतो आणि पीआर कार्डही सहसा पाच वर्षांचं. त्यामुळे दोन्हींचं नूतनीकरण एकाच हंगामात येतं, स्टुडिओत एकदाच जाणं होतं आणि पासपोर्टचा फोटो पीआरच्या पाकिटात जातो. स्टुडिओत जाताना ‘कॅनडा पीआर कार्ड’ असं स्पष्ट सांगा आणि घरी आल्यावर पट्टीनं मोजा.

फोटोच्या मागे मुलाचं नाव, जन्मतारीख, स्टुडिओचं नाव-पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख हवी. ऑनलाइन अर्जात फोटोची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू लागतात, लोक पुढची एकच देतात. घरी मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का येणार कुठून? वीस-तीस डॉलर वाचवायला जाऊन पाकीट परत येणं परवडत नाही.

बाळांच्या फोटोत आधार देणाऱ्याचा हात दिसता कामा नये, खेळणं नको, डोळे उघडे हवेत, मागची बाजू साधी पांढरी. तीट आणि काजळ त्या दिवशी लावू नका. चेहरा जसा आहे तसा दिसू द्या.

आठवी: जन्मदाखला आणि शाळेचे कागद

इथून पुढे वेळ जास्त लागतो, कारण काही कागद भारतातून येतात.

मुलाच्या अर्जात आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला महत्त्वाचा, कारण सही करणारा माणूस खरोखर पालक आहे हे त्यावरून ठरतं. महाराष्ट्रातले बरेच दाखले मराठी-इंग्रजी असे दोन्ही भाषांत असतात, ते चालतात. फक्त मराठीत असेल तर प्रमाणित अनुवाद लागेल. घरातल्या कुणी केलेला अनुवाद चालत नाही, मग ती व्यक्ती इंग्रजीची प्राध्यापक का असेना.

आता ती अडचण, जी ऐन वेळी लक्षात येते: दाखल्यावर मुलाचं नावच नाही. बारसं व्हायच्या आत रुग्णालयातून नोंद गेली, नावाचा रकाना कोरा राहिला आणि नंतर कुणी भरला नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन आजोबा किंवा मामा हे काम करू शकतात, पण लागणारा वेळ त्या कार्यालयावर अवलंबून आहे. म्हणून कार्डाच्या मुदतीला वर्ष राहिलेलं असतानाच दाखला कपाटातून काढून बघा.

आईचं नाव दाखल्यावर सासरचं आणि पासपोर्टवर माहेरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. कुणी मागायची वाट बघू नका.

शाळेचे कागद हा मूल खरंच इथे राहत होतं याचा सर्वांत चांगला पुरावा. पाच वर्षांची प्रगतिपुस्तकं जपून ठेवा. शाळेत जायच्या आधीच्या वर्षांसाठी मी लसीकरणाची नोंद, बालरोगतज्ज्ञांचं पत्र आणि डे-केअरच्या पावत्या जोडायला सांगतो. मूल मधली काही वर्षं भारतातल्या मराठी शाळेत होतं तर तिथलं प्रगतिपुस्तकही अनुवादासह द्या. ते लपवण्यात काही अर्थ नाही. त्याच तारखांना मूल बाहेर होतं हे तुम्ही स्वतःच अनुपस्थितीच्या यादीत लिहिलेलं असणार.

नववी: दिवस मोजणं

हे सर्वांत कष्टाचं, आणि अर्जाचा कणा हाच आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २८ प्रमाणे कायम रहिवाशानं पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात असायला हवं. ही अट मुलालाही लागते, आणि मोजायचे ते मुलाचे दिवस. तुम्ही नोकरीमुळे इथे राहिलात आणि मूल प्रत्येक उन्हाळ्यात दोन महिने आजीकडे राहिलं, तर तुमचे नि त्याचे आकडे सारखे नसतात.

मुलाचा पासपोर्ट घ्या. जुना असेल तर तोही. भारतात शिरल्या-निघाल्याचे शिक्के बघा. कॅनडाच्या विमानतळांवर परतताना शिक्का मिळेलच असं नाही, म्हणून विमानाची तिकिटं आणि बोर्डिंग पास शोधा. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस कॅनडातला धरला जातो, कारण दिवसाचा काही भाग तुम्ही इथे होता. नायगाराच्या पलीकडे अमेरिकेत एका दिवसासाठी गेला असाल तर तेही यादीत लिहा. विमानानं देश सोडणाऱ्यांची नोंद २०२० पासून सीमा सेवेकडे जाते आणि जमिनीवरच्या सीमेची नोंद अमेरिकेबरोबर वाटून घेतली जाते. म्हणजे तुमच्या यादीची तुलना करायला त्यांच्याकडे दुसरी यादी आहे. आठवणीवर भरवसा ठेवू नका.

आकडेमोड अशी. पाच वर्षांचे साधारण १८२६ दिवस. समजा, मूल दोन वर्षं पुण्याला शाळेत होतं, म्हणजे ७३० दिवस बाहेर. उरलेल्या तीन वर्षांत प्रत्येक उन्हाळ्यात सहा आठवडे, म्हणजे ४२ गुणिले ३, १२६ दिवस. एकूण ८५६ बाहेर, ९७० आत. अट पूर्ण होते, निर्धास्तपणे अर्ज करा. तेच मूल तीन वर्षं पुण्याला राहिलं असतं, आणि उरलेल्या दोन वर्षांत तसेच उन्हाळे, तर १०९५ अधिक ८४, म्हणजे ११७९ बाहेर आणि ६४७ आत. इथे ८३ दिवस कमी पडतात. फॉर्मही १०९५ किंवा त्याहून जास्त दिवसांची अनुपस्थिती असेल तर वेगळी माहिती मागतो, ती याचसाठी.

दिवस कमी भरले म्हणून लगेच घाबरू नका. बाहेर घालवलेले काही दिवस कायद्यानं आत धरले जातात. मूल आपल्या कॅनेडियन नागरिक आईसोबत किंवा वडिलांसोबत राहत होतं तर ते दिवस मोजले जातात. आपल्याकडे हे बऱ्याचदा घडतं: बाबा नागरिक झाले, कुटुंब तीन वर्षांसाठी पुण्याला गेलं, मूल अजून पीआर आहे. त्या तीन वर्षांत मूल बाबांबरोबर एका घरात होतं हे दाखवता आलं तर ते दिवस त्याचे आहेत. बाबांच्या नागरिकत्वाचा पुरावा, भाडेकरार, शाळेच्या प्रवेश अर्जावरचा पालकांचा पत्ता, असे कागद जमवा. पण बाबा दुबईत आणि मूल आजीबरोबर पुण्यात, तर ते ‘सोबत’ होत नाही.

मूल आत्ता कॅनडात असेल आणि थोडेच दिवस कमी असतील, तर अनेकदा सर्वांत चांगला उपाय म्हणजे थांबणं. देशाबाहेर जाऊ नका, ७३० दिवस भरू द्या आणि मग अर्ज करा. तोवर कार्डाची मुदत संपलेली असली तरी चालेल.

प्रवास तोंडावर आला असेल तर

अर्ज लवकर निकाली काढण्याची सोय आहे, पण ती गंभीर आजार, जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरी अशा कारणांसाठी, आणि पुढच्या तीन महिन्यांतल्या प्रवासाचा पुरावा देऊन. काढलेलं तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि कारण सांगणारं पत्र लागतं, आणि पाकिटावर तातडीची खूण करावी लागते. आजोबा अतिदक्षता विभागात असतील तर रुग्णालयाचं पत्र मागवून घ्या. सुट्टी आणि स्वस्त तिकीट ही कारणं धरली जात नाहीत.

मूल आधीच भारतात असेल आणि कार्ड संपलं असेल, तर कार्डाचा नाद सोडा आणि पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी, म्हणजे कार्डाशिवाय कॅनडात परतण्याच्या प्रवासाच्या कागदासाठी, अर्ज करा. तो बाहेरूनच करायचा असतो, फी ५० डॉलर, प्रत्येक मुलाचा वेगळा. पण त्यातही ७३० दिवसांची अट तपासली जाते. म्हणून वरची आकडेमोड आधी करा, अर्ज नंतर. अमेरिकेत उतरून खाजगी मोटारीनं सीमा ओलांडण्याचा मार्ग काही जण सुचवतात. भारतीय पासपोर्टच्या मुलाला त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे विसरू नका.

कार्ड पाठवल्याचं दिसत असूनही घरी आलं नाही, तर पाठवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत कळवा. ती मुदत गेली तर नवा अर्ज आणि नवी फी. घर बदललं असेल तर पत्ता आधी इमिग्रेशन खात्यात बदला. टपाल कार्यालयात बदललेला पत्ता त्या खात्याला आपोआप कळत नाही.

इथे थांबा आणि परवानाधारकाला बोलवा

पुढच्या प्रसंगांत मी ओळखीच्या कुणाचाही फॉर्म हातात घेत नाही, तुम्हीही स्वतः भरू नका.

मुलाचे दिवस ७३० पेक्षा कमी आहेत आणि ते नागरिक पालकासोबतही नव्हतं. इथे मानवतेच्या कारणांवर विनंती करावी लागते. निर्णयाचा थेट परिणाम ज्या मुलावर होणार आहे त्याचं हित बघावं, असं कलम २८ मध्येच म्हटलं आहे. मुलानं देश सोडायचं ठरवलं नव्हतं, मोठ्यांनी ठरवलं होतं, आणि हा मुद्दा जोरात मांडण्यासारखा आहे. तो कसा मांडायचा, कोणते पुरावे जोडायचे, हे वकिलाचं काम आहे. आपण भावनेनं लिहिलेलं पत्र तिथे अपुरं पडतं.

आई-वडील विभक्त आहेत, ताब्याचा वाद चालू आहे, किंवा एक पालक भारतात आहे आणि सहमत नाही. दत्तक मूल आहे आणि कागद अपुरे आहेत. वास्तव्याच्या पुराव्यांचं पत्र आलंय आणि मुलाच्या तारखांत तुम्हालाच मेळ लागत नाही. किंवा आधी कुणीतरी तुमच्यासाठी भरलेल्या अर्जात चुकीच्या तारखा गेल्या आहेत आणि त्या आता दुरुस्त करायच्या आहेत. ही शेवटची गोष्ट जितक्या लवकर वकिलाला सांगाल तितकं बरं, कारण खोटी माहिती दिल्याचा ठपका दिवस कमी पडण्यापेक्षा फार जड असतो.

ट्रॅव्हल डॉक्युमेंट नाकारलं असेल तर एक दिवसही वाया घालवू नका. इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करायला ६० दिवस मिळतात. नकाराचं पत्र मिळाल्याची तारीख त्याच पत्रावर लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.

सल्लागार निवडताना त्याचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या सार्वजनिक यादीत शोधा, वकील असेल तर प्रांताच्या लॉ सोसायटीच्या यादीत. क्रमांक मागा, यादीतल्या नावाशी ताडून बघा. पैसे घेऊन सल्ला देणारा, पण आयएमएम ५४७६ या प्रतिनिधीच्या फॉर्मवर आपलं नाव घालायला तयार नसणारा माणूस, मग तो कितीही ओळखीचा आणि आपल्याच गावचा असो, त्याच्याकडे मुलाचे कागद देऊ नका. भारतातून काम करणाऱ्या एजंटांनाही हाच नियम लावा. आणि सल्लागार कुणीही असो, अर्ज जाण्याआधी पूर्ण अर्जाची प्रत मागून घ्या, मुलाच्या प्रवासाच्या तारखा पासपोर्टशी स्वतः ताडून बघा, आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.